सगळ्या फ्लॉप्या आणा म्हटलं होतं

चौसाळा,
सोमवार, ९ नोव्हेंबर १९९८

वीरेश,

पत्राच्या सुरुवातीला आपल्यात नमस्कार म्हणून लिहितात तो शरणार्थ लिहिला नाही, कारण तो मनात नाही. तुझं लग्न आम्हाला पोस्टकार्डावरून कळलं तेव्हाच मी ठरवलं होतं की तुला एक ओळही लिहायची नाही. ठरवलेलं मोडणं मला जमत नाही, हे तुला माहीत आहे. पण कॉम्प्युटरमधलं तुझ्याइतकं कळणारा माणूस माझ्या ओळखीत दुसरा नाही, त्याला मी तरी काय करू? तेव्हा हे कामाचं पत्र समज. घरचं काही विचारू नकोस, मी सांगणार नाही.

मी औरंगाबादला एका कंपनीत लागले आहे. कुणाच्या मशीनमध्ये व्हायरस शिरला की आमच्याकडे फोन येतो. मग मी बॅग उचलून जायचं, व्हायरस काढायचा आणि तो आला कुठून ते शोधायचं. कार्डावर ‘सपोर्ट इंजिनिअर’ असं छापलंय. आई मात्र सगळ्यांना सांगते की पोरगी कॉम्प्युटरची डॉक्टर झाली, त्यामुळे गल्लीतल्या बायका मला गुडघेदुखीवर औषध विचारतात.

यावेळी साहेबांनी कागद पुढे सरकवला तर त्यावर चौसाळा. आपल्या अप्पांचीच दूध संस्था. अप्पा तिथे अध्यक्ष आहेत, पण फोन त्यांनी केला नव्हता, सेक्रेटरी धोंडीराम यांनी केला होता. मी येणार हे अप्पांना मी दारात उभी राहिल्यावर कळलं. ‘आलीस? कर काम,’ एवढं बोलून ते आत गेले.

संस्थेत चार मशीन आहेत, डॉसवर चालणारी. गावोगावचं दूध सकाळी येतं, लिटर आणि फॅट मशीनवर चढतं. गेल्या आठवड्यात एक मशीन सुरूच होईना. स्क्रीनवर एवढंच येत होतं की हार्ड डिस्क सापडत नाही. त्यावरच्या पंधरवड्याच्या नोंदी गेल्या. दूध घालणाऱ्यांनी ऑफिसात येऊन जो गोंधळ घातला तो ऐकून समोरच्या हॉटेलातली गिऱ्हाइकं चहा सोडून बघायला आली म्हणे. बाकीची तीन मशीन मी तपासली, तर तिन्हींत एकच बूट सेक्टरचा व्हायरस निघाला, फ्लॉपीवरून मशीन सुरू झालं की शिरणारा.

मी काढला. आपल्या शिस्तीप्रमाणे काढला, बंद पडलेलं मशीनही नव्याने उभं केलं. लॉक केलेल्या स्वच्छ फ्लॉपीवरून मशीन सुरू केलं, साफ केलं, पुन्हा तपासलं. शनिवारी संध्याकाळी चारही मशीन धुतल्या तांदळासारखी होती. रविवारी सकाळच्या नोंदी झाल्यावर दहाला गेले, तर चारहींत पुन्हा व्हायरस! परत काढला. आज दहाला गेले, परत हजर. नेटवर्क नाही, मोडेम नाही, कुणी काही घातलं नाही म्हणतात. मग तो येतो कुठून? माझं काय चुकतंय ते मला कळत नाही, म्हणून तुला विचारते आहे.

घाई यासाठी की वनमाला म्हणून एक ऑपरेटर आहे. पालीची मुलगी, रोज एसटीने येते. चौघांत ती एकटीच मुलगी, आणि धोंडीरामांनी ठरवून टाकलंय की हे तिनंच आणलं. पुढच्या सोमवारी संचालकांची मीटिंग आहे, तीत तिला काढायचा ठराव येणार. मार्गशीर्षात तिचं लग्न आहे. पाटोद्याच्या लोकांनी ‘कॉम्प्युटरवर नोकरी करणारी’ म्हणून तिला पसंत केलीय. मशीन बिघडवली म्हणून काढली हे पाटोद्याला कळलं तर पुढचं काय ते मी सांगायला नको.

उत्तर कुरिअरने घराच्या पत्त्यावर पाठव. संस्थेत फोन करू नकोस, तो अप्पांच्या टेबलावर असतो.

शिवांजली


चौसाळा,
गुरुवार, १२ नोव्हेंबर

वीरेश,

उत्तर आलं नाही. इतक्यात येणारही नाही हे मला कळतं, तरी कुरिअरवाल्याची मोटरसायकल वाजली की मी दारात जाते. आईने दोनदा विचारलं, कुणाची वाट बघतीस? मी म्हटलं, कंपनीच्या पार्टची.

गोंधळ वाढलाय. आधी मला एक गोष्ट कळत नव्हती, आता चार कळत नाहीत.

मंगळवारी मी सगळ्यांना उभं करून सांगितलं, की संस्थेत आणि घरात जेवढ्या फ्लॉप्या आहेत तेवढ्या सगळ्या माझ्या टेबलावर आणा. कुणाचीही असो, रिकामी असो, तुटकी असो, एकसुद्धा मागे ठेवायची नाही. माझा आवाज जरा चढला असावा, कारण दुपारपर्यंत ढीग झाला. बॅकअपच्या आल्या, गेमच्या आल्या, एका संचालकांनी तर मुलाच्या क्लासची फ्लॉपी घरून आणून दिली. धोंडीरामांनी वनमालाच्या ड्रॉवरमधली एक फ्लॉपी दोन बोटांत धरून आणली, जशी काही मेलेली पाल. ‘हे बघा म्याडम, हितंच हाय बघा तुमचा व्हायरस.’

मी तपासली. खरंच होता. त्यात वनमालाने स्वतःचा बायोडाटा टाइप करून ठेवला होता, पाटोद्याला पाठवायला.

ती माझ्यापुढे उभी राहून रडायला लागली. ‘ताई, आईची शपथ, मी बाहीरून काय बी आणलं न्हाई. ही फ्लॉपी हितलीच हाय, हापिसानंच दिलेली. मी कावून बिघडवू? माझं पोट हाय हितं!’

मी तिला गप्प केलं आणि बाकीच्या फ्लॉप्या तपासल्या. ढिगातल्या जवळजवळ सगळ्याच फ्लॉप्यांत व्हायरस होता. ज्या मशीनमध्ये तो आहे त्यात फ्लॉपी घातली की फ्लॉपीला लागणारच, त्यात कुणाचा काय दोष? हे मी धोंडीरामांना तीनदा सांगितलं. ते मान हलवत राहिले आणि शेवटी म्हणाले, ‘ते सगळं खरं, पण पैली कुणाची?’

वीरेश, पहिली कुणाची हे मला सांगता येत नाही. व्हायरस स्वतःच्या अंगावर तारीख घालत नाही. कंपनीत आम्ही रिपोर्टात ‘बाहेरील फ्लॉपीमधून’ असं लिहून मोकळे होतो आणि कुणी पुढचं विचारत नाही. इथे ‘बाहेरील’ म्हणजे कोण, हे त्यांनी आधीच ठरवलंय.

सगळ्या फ्लॉप्या मी साफ केल्या, कुलपात घातल्या, किल्ली माझ्याकडे. मशीन साफ केली. बुधवारी दहाला गेले तर चारही मशीनमध्ये व्हायरस. मी खुर्चीवर बसले आणि मला हसू यायला लागलं. ऑपरेटर लोक बिचारे घाबरून बघत राहिले. खरं सांगू, एक मिनिट वाटलं की हे भुताटकीचं काम असेल, आणि माझ्या शिक्षणाचा मला राग आला.

अप्पांना विचारलं, रात्री कुणाला किल्ली देता का. ते म्हणाले, ‘किल्ली माझ्या कंबरंला हाय.’ मग म्हणाले, ‘तुला जमत नसंल तर तसं सांग, दुसरा माणूस बोलवू.’ मला इतका राग आला की मी जेवले नाही. नंतर भूक लागली म्हणून आईने उरलेली भाकरी दुधात कुस्करून दिली ती खाल्ली.

उद्या मी दहाला जाणार नाही. ऑफिस उघडताना जाणार आणि हलणार नाही.

शिवांजली


चौसाळा,
शनिवार, १४ नोव्हेंबर

दादा,

सापडलं. आणि ते तुझं निघालं.

नीट सांगते. 

काल अप्पांच्या मागोमाग मी ऑफिसात गेले. त्यांना ते आवडलं नाही, पण बोलले नाहीत. त्यांनी कुलूप काढलं, चपला बाहेर ठेवल्या. भिंतीवर लाकडी देव्हारा आहे, तुला आठवत असेल. त्याला उदबत्ती लावली. मग देव्हाऱ्यातून, मन्मथस्वामींच्या फोटोमागून, त्यांनी एक फ्लॉपी काढली. हळदीकुंकवाने इतकी माखलेली की मूळचा रंग दिसेना. ती कपाळाला लावली, पहिल्या मशीनमध्ये घातली आणि बटण दाबलं. मशीन त्या फ्लॉपीवरून सुरू झालं. स्क्रीनवर कपिलधारचं, स्वामींच्या समाधीचं चित्र उमटलं, धबधब्यासकट, आणि स्पीकरमधून घंटेसारखा टिणटिण आवाज आला. अप्पांनी हात जोडले. ऑपरेटर लोकांनीही जोडले. मग फ्लॉपी काढून दुसऱ्या मशीनमध्ये, मग तिसऱ्या. वनमालाने आपल्या मशीनपुढचं टेबल स्वतःच्या ओढणीने पुसून ठेवलं होतं, तिथे फ्लॉपी शेवटी आली. मग मशीन बंद करून पुन्हा सुरू केली आणि सकाळचं काम लागलं. म्हणे दोन वर्षं रोज असंच चालतं.

मी ओरडलेच. ‘अप्पा! मी सगळ्या फ्लॉप्या आणा म्हटलं होतं ना?’

अप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच काहीतरी वेडंवाकडं बोलले. ‘आणल्या की सगळ्या. ही काय फ्लॉपी हाय का? द्येव हाय ह्यो.’

आणि दादा, ते खोटं बोलत नव्हते. कुणीच बोलत नव्हतं. वनमालासुद्धा, जिची नोकरी चाललीय ती, तिच्याही मनात आलं नाही की ही मोजायची. मी तिला विचारलं तर ती जीभ चावून म्हणाली, ‘ताई, देवाला कसा व्हायरस असंल?’ देव्हाऱ्यातला देव टेबलावर आणून कोण ठेवणार? मी बाहेरून आलेली शहाणी, मलाही दहाच्या आधी इथे काय होतं ते विचारायचं सुचलं नाही.

मी फ्लॉपी मागितली. अप्पा देईनात. शेवटी म्हणाले, ‘बघायची तर बघ. पुसायची न्हाई.’ मी तपासली. होता. चित्राला हात न लावता नुसता व्हायरस काढायचा प्रयत्न केला, तेही होईना. कुंकू आतपर्यंत गेलंय, सकाळी चौथ्या मशीनपर्यंत कशीबशी चालली, आता मशीन अर्धवट वाचतं आणि अडकतं. चित्र दुसऱ्या फ्लॉपीवर उतरवून घ्यायला गेले तर तेही येईना. मी म्हटलं, आता ही मशीनमध्ये घालायची नाही, देव्हाऱ्यात राहू द्या. अप्पा म्हणाले, ‘मशिनीत गेल्याबिगर दर्शन कसं व्हायचं?’ फ्लॉपी खिशात घालून ते घरी निघून आले. रुसलेल्या लहान मुलासारखे दिवसभर पलंगावर पडून होते.

मी आईकडे तणतणले, की कुठल्या दुकानदाराने ही ब्याद गळ्यात मारली. आई ज्वारी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘वीरूनं धाडलीया ती. बंगळूरहून. कागुद न्हाई, चिठ्ठी न्हाई, नुसती तीच. लई दिवस हातात घिऊन बसले हुते. मग हापिसात घिऊन गेले.’

दोन वर्षं तू मला माझ्या एकाही राखीचं उत्तर दिलं नाहीस (हो, पाठवली होती, न लिहिता नुसती राखी, ते ठरवण्यात बसत होतं) आणि अप्पांना कपिलधार करून पाठवतोस! ज्या अप्पांनी तुझा फोटो भिंतीवरून काढला त्यांना! आणि ते अप्पा रोज सकाळी तुझ्या हातचं काम कपाळाला लावून मगच दिवस सुरू करतात, आणि घरात तुझा विषय निघाला की पानावरून उठतात. मला तुमचा दोघांचाही राग येतोय आणि रडूही येतंय. यातलं आधी काय करावं ते कळत नाही.

आता मला एकाच प्रश्नाचं उत्तर हवंय आणि ते तुलाच माहीत. तू पाठवलीस तेव्हाच तिच्यात व्हायरस होता का? की ती इथल्या मशीनमधून बाधली? असे व्हायरस वर्ष वर्ष गप्प राहू शकतात, तेव्हा तारखांवरून मला काही सांगता येत नाही. आधीच असेल तर वनमाला सुटते आणि अप्पांच्या देव्हाऱ्यातला देव, म्हणजे तू, दोषी ठरतोस. नसेल तर पुन्हा धोंडीरामांचा तोच प्रश्न. मीटिंग सोमवारी आहे. हे पत्र तुला त्याआधी मिळणार नाही हे ठाऊक असून लिहिते आहे.

मी रिपोर्टात काय लिहू, दादा? अप्पांकडे पाहिलं की हात थांबतो आणि वनमाला आठवली की लाज वाटते.

शिवा


चौसाळा,
मंगळवार, १७ नोव्हेंबर

दादा,

शरणार्थ.

मीटिंग झाली. मी रिपोर्टात जे घडलं ते लिहिलं. रोज सकाळी देव्हाऱ्यातली फ्लॉपी चारही मशीनमध्ये फिरत होती, त्यामुळे व्हायरस पुन्हा पुन्हा येत होता, असं. ती कुणी पाठवली ते लिहिलं नाही. आदल्या संध्याकाळी मी अप्पांपुढे कागद ठेवला होता. त्यांनी चष्मा लावला, वाचला, घडी घालून परत दिला. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. मला रात्रभर अंदाज येईना की हा माणूस उद्या काय करणार.

मीटिंगला वनमालाला बाहेर बाकावर बसवलं होतं. तिच्यासोबत तिची आई चंद्रभागाबाई आली होती, मांडीवर डबा घेऊन. मी आत रिपोर्ट वाचला. देवाची फ्लॉपी म्हटल्यावर संचालक एकमेकांकडे बघायला लागले. एकजण हसला, मग अप्पांकडे बघून गप्प झाला.

धोंडीराम उठले. ते वाईट नाहीत, दादा, फक्त त्यांना एक नाव हवं होतं. ‘म्याडम, मला एवढंच सांगा. त्या वनमालाच्या फ्लॉपीतनं देवाच्या फ्लॉपीत गेला आसंल, आसं हू शकतं का न्हाई?’

मी खोटं बोलू शकले असते. जिभेवर आलंही होतं. पण माझ्या कामात जे माहीत नाही ते माहीत आहे म्हणायचं नसतं, आणि मी म्हटलं, ‘होऊ शकतं.’

‘झालं तर मग,’ असं म्हणून त्यांनी ठरावाचा कागद पुढे ओढला. वाटलं, खरं बोलून मीच त्या पोरीला बुडवलं.

तेव्हा अप्पा बोलले. बसूनच, हळू आवाजात. ‘धोंडीराम, पैली कुणाची ते माझ्या पोरीला कळंना. मला बी कळंना. पण पसरवली कुणी, ते तर सगळ्यांनी बघितलंय. रोज सकाळी ह्या हातानं मी फिरवलीया. एका मशिनीची बाधा चार मशिनीला मी लावली. ह्या ठरावात नाव घालायचं तर माझं घाला. न्हाईतर फाडा.’

मग एका म्हाताऱ्या संचालकांनी अप्पांना विचारलं, ‘पर रुद्रप्पा, ती फ्लॉपी आली कुठनं?’

मी खाली पाहिलं. अप्पा म्हणाले, ‘आमच्या घरातली हाय.’

एवढंच म्हणाले. दादा, मी तुला हे शब्दच्या शब्द लिहिते आहे, माझ्या मनचं एक अक्षर त्यात नाही.

ठराव फाडला. वनमालाला आत बोलावलं तर ती दारातच उभी राहिली, तिला वाटलं काढलंच. अप्पा तिला म्हणाले, ‘बाई, तुझ्यावर आळ आला, त्यो माझ्यामुळं आला. उद्या सकाळी कामावर ये.’ ती म्हणाली, ‘साहेब, आज बी थांबते की, संध्याकाळच्या नोंदी ऱ्हायल्यात.’ तेव्हा मात्र धोंडीरामच हसले. चंद्रभागाबाईंनी डबा उघडून सगळ्यांना शेंगाचे लाडू वाटले. लेकीला काढलं असतं तर तिने वाटेत खावेत म्हणून आणले होते, हे त्यांनी मला नंतर सांगितलं.

फ्लॉपीचं काय करायचं, हे कुणी अप्पांना विचारलं नाही. आज दुपारी त्यांनी मला स्कूटरवर बस म्हटलं. कुठे ते सांगितलं नाही. पालीला बिंदुसरेच्या धरणावर आलो. खंडित झालेली मूर्ती पाण्यात सोडतात, तशी त्यांनी ती सोडली. बेलाचं पान ठेवून, हात जोडून. मी आपली मनात म्हणत होते की प्लॅस्टिक आहे, बुडणार नाही. थोडा वेळ तरंगली, मग वाऱ्याने लांब गेली आणि दिसेनाशी झाली. बुडाली की नुसती लांब गेली, ते मला सांगता येणार नाही.

अप्पा काठावर बसले. मीही बसले. मला वाटलं आता ते रडतील, आणि मला काय करावं ते कळेना, म्हणून मी कामाचंच बोलले. म्हटलं, ‘अप्पा, दादाला कळवते. तो दुसरी करून पाठवील. आता नव्या फ्लॉप्या चांगल्या येतात. लॉक करून पाठवली तर तिला काही लागत नाही.’ तुझं नाव मी त्यांच्यापुढे काढलं.

त्यांनी हाताला चिकटलेलं कुंकू पाण्यात धुतलं. मग म्हणाले, ‘तूच म्हणतीस ना, फ्लॉपीतनं रोग येतो?’

मी म्हटलं, हो.

‘मग फ्लॉपी धाडू नको म्हणावं. सोता ये म्हणावं. आन सूनबाईला घिऊन ये म्हणावं.’

शिवा